इंडोनेशियातल्या पोरांचं हे सगळं खरं असतं का नुसती रील्सची हवा? बांडुंगला जायचं डोक्यात आहे

टीशर्टवाला_डेक्कन

मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे, सांभाळून घ्या. माझा डेक्कनला टीशर्ट छापायचा छोटा धंदा आहे, कॉलेजची गॅदरिंगं, ढोल पथकं, ट्रेकवाले ग्रुप हे नेहमीचं गिऱ्हाईक, आणि जोडीला स्वतःचं एक लेबलही काढलंय पण ते अजून मित्र आणि नातेवाईक विकत घेतात त्याच पातळीवर आहे. तर २०२५ च्या जुलैमध्ये ते होडीच्या टोकावर काळा गॉगल लावून हात फिरवत नाचणारं पोरगं सगळीकडे फिरत होतं ना, इंडोनेशियाच्या रियाऊ प्रांतातल्या त्या लांबलचक होड्यांच्या शर्यतीतलं, आमच्या पथकातली पोरं सरावाला ती स्टेप करायची, म्हणून मी ते दोन-चारदा बघितलं आणि तेव्हापासून इन्स्टाने मला इंडोनेशियालाच दत्तक दिलंय.

आता फीडवर काय येतं तर जकार्ता-बांडुंगची कॉलेजची पोरं, अंगात त्यांच्याच गावात शिवलेला टीशर्ट, पायात त्यांच्याच देशातल्या कंपनीचे कॅनव्हासचे बूट, हातात गुळाच्या कोल्ड कॉफीचा ग्लास, कमरेला बाटिक गुंडाळलेलं आणि वर हुडी, आणि हे त्यांच्यात एकदम भारी समजलं जातं. इकडे माझ्याकडे पोरगं येतं, म्हणतं दादा डिझाइन कडक आहे पण यावर त्या अमेरिकन कंपनीचा लोगो टाकून मिळेल का. कापड तेच शिलाई तीच, लोगो टाकला की पन्नास रुपये जास्त द्यायला तयार. (मी टाकत नाही, आधीच सांगतो, नाहीतर इथे लगेच सुरू होईल.)

तर विचारायचं हे की तिकडे कुणी राहिलंय का, हे खरंच असं आहे का चार श्रीमंत पोरांचं कौतुक आहे, आणि आठवडाभर जाऊन काही बघण्यासारखं, शिकण्यासारखं आहे का. बालीला जा म्हणून सांगू नका, हनिमूनला जाऊन आलोय.

---

जकार्ता_रिटर्न

मी चिकारांगला होतो, जकार्ताच्या पूर्वेला, आपलं चाकण समज, गाड्यांचे आणि पार्टवाल्यांचे प्लांट सगळे तिकडेच. श्रीमंत पोरांचं कौतुक म्हणतोयस ते अर्धंच बरोबर आहे कारण मी जे सगळ्यात भारी बघितलं ते श्रीमंत पोरांनी केलेलंच नव्हतं.

२०२२ चा जुलै. सुदिरमान स्टेशनच्या बाहेर दुकुह आतास म्हणून भाग आहे, आजूबाजूला बँकांचे आणि ऑफिसांचे टॉवर. तिथे संध्याकाळी चितायाम, बोजोंग गडे, देपोक अशा लांबच्या उपनगरांतनं पोरं यायला लागली, चौदा-पंधरा-सोळा वयाची, बरीचशी साध्या घरची. एक पोरगी अजून डोळ्यासमोर आहे, आईचा असावा असा मोठा ब्लेझर खांद्यावरनं उतरलेला, खाली फुगीर पँट, गाड्या थांबल्या की ही झेब्रा क्रॉसिंगवरनं ऐटीत चालत जायची, मैत्रीण समोर उकिडवी बसून शूट करायची, हॉर्न वाजला की दोघी खिदळत फुटपाथवर पळायच्या, आणि परत गाड्या थांबल्या की परत चालणं. बाजूला सायकलवर गरम पाण्याचे थर्मास लटकवून पाकिटातली कॉफी विकणारा माणूस, त्याच्याकडे पोरांची गर्दी. ऑफिसातनं सुटलेले सुटाबुटातले लोक थांबून बघतायत. चितायाम फॅशन वीक नाव पडलं त्याला. त्या भागातला जो पॉश बिझनेस पट्टा आहे त्याला एससीबीडी म्हणतात, पोरांनी त्याच अक्षरांचं सुदिरमान, चितायाम, बोजोंग गडे, देपोक करून टाकलं, म्हणजे बघ, पत्ताच आपल्या नावावर करून घेतला.

पुढे काय झालं ते जास्त मजेशीर आहे. जकार्ताचे तेव्हाचे गव्हर्नर आनीस बास्वेदान स्वतः त्या झेब्रावरनं चालून गेले. मग एका सेलिब्रिटीच्या कंपनीने चितायाम फॅशन वीक हे नाव ट्रेडमार्क म्हणून रजिस्टर करायला अर्ज टाकला, आणि पब्लिकने असला धुतला त्यांना की अर्ज मागे घ्यावा लागला. थोड्या दिवसांनी ट्रॅफिकचं कारण देऊन पोलिसांनी पोरांना हलवलं आणि सगळं थंड झालं.

पण हे झालं का, तर तिथवर पोचणं स्वस्त होतं. लोकलला पहिल्या २५ किलोमीटरला ३,००० रुपिया, आपले पंधरा-सोळा रुपये. मेट्रो २०१९ ला सुरू झाली, सुदिरमान रोडचे फुटपाथ तेवढ्यातच रुंद केले, आणि बसायला पैसे लागत नाहीत. आपल्याकडे पोराने पैसे न देता बसायचं कुठे ते सांग, जेएम रोडला बसलं तर वॉचमन उठवतो.

कॉफीचं पण तेच गणित आहे. गुळाची दुधाची आइस कॉफी चिपेतेमधल्या तुकूने चालवली, ते दुकान २०१५ चं, चिंचोळी जागा, घ्या आणि निघा. मग २०१७ ला कोपी कनांगान आली, २०२१ संपता संपता ती युनिकॉर्न झाली, म्हणजे अब्ज डॉलरच्या वरची कंपनी. बसायला जागाच द्यायची नाही, भाडं वाचवायचं, हिरव्या जॅकेटवाला बाइकवाला घरी पोचवतो. मी असताना एक ग्लास साधारण २०,००० रुपिया, शंभरच्या आसपास. अमेरिकन साखळीतल्या कॉफीच्या निम्म्यापेक्षा कमी. जकार्ताचं किमान वेतन २०२५ ला महिन्याला ५४ लाख रुपियाच्या आतबाहेर होतं, आपले २७-२८ हजार, त्यात रोज परवडत नाही पण आठवड्यातनं दोन-तीनदा होतं. देशी म्हणून घेत नव्हती रे पोरं, चवीला बरी आणि खिशाला झेपणारी म्हणून घेत होती, देशीचं कौतुक नंतर चिकटलं.

---

पर्वती_पायथा

यात नवीन काय आहे. आम्ही पण कट्ट्यावर बसूनच मोठे झालो, कुणी फॅशन वीक म्हटलं नाही, घरी जा म्हटलं. कॉफीत गूळ घातला तर आमच्या आजीने पण घातला असता, युनिकॉर्न नाही झाली ती.

बाकी टीशर्टवाल्या, पोरं लोगो मागतात कारण तुझी डिझाइनं तेवढी दमदार नसतील. न बघताच बोलतोय, पण बहुतेक.

---

टीशर्टवाला_डेक्कन

काका या की दुकानात, बघा आणि मग घाला शिव्या, चहा माझ्याकडून.

@जकार्ता_रिटर्न दादा, कडक लिहिलंयस. पण बूट आणि टीशर्टचं सांग ना कुणीतरी, मला धंद्याचं कळायला हवंय.

---

धागा_दोरा

इकडे मी बोलते. मी कपड्यांच्या सोर्सिंगमध्ये आहे, तिरुपूर आणि बांडुंग दोन्हीकडे जाणं होतं.

आधी हे समजून घे की बांडुंगचं हे काल-परवाचं नाही. १९९० नंतर तिथे स्केटबोर्डिंग करणारी आणि मेटल-पंक ऐकणारी पोरं होती, बाहेरचे टीशर्ट मागवायची. १९९७-९८ ला रुपिया कोसळला, डॉलरला अडीच हजारच्या खाली होता तो वर्षभरात पंधरा हजारांच्या वर जाऊन आला, बाहेरचा माल परवडेनासा झाला. पण बांडुंगच्या आसपास कापडाच्या गिरण्या आणि शिलाईची युनिटं आधीपासून होतीच, मग पोरांनी स्वतःच छापायला सुरुवात केली. थ्री-फोर-सेव्हनसारखं लेबल तर १९९६ पासूनचं. ती दुकानं म्हणजे डिस्ट्रो, त्यात टीशर्ट, गावातल्या बँडच्या कॅसेट, स्टिकर, हाताने काढलेली मासिकं एकत्र विकायची. म्हणजे टीशर्ट घेणारा पोरगा आपल्या ओळखीच्या बँडचा, ओळखीच्या गल्लीचा टीशर्ट घेत होता. नुसतं छान डिझाइन म्हणून कोण घेतं रे, मी पण नाही घेत.

तुझ्या कामाचं सांगते. बांडुंगला सुरापाती रोड, लोक सुची म्हणतात त्याला, तिथे दुतर्फा टीशर्ट छापणारेच आहेत, दुकानाच्या दारात फ्रेमा वाळत घातलेल्या, आत टेबलावर लाकडी पाट मांडून दोन पोरं स्क्विजी मारत असतात, मागे गरम हवेचं मशीन. कमी नग घेतात, कुरकुर न करता. आणि गिऱ्हाईक कसलं तयार आहे म्हणतोस, कॉलेजचं पोरगं विचारतं कॉम्बड २४ का ३०. धाग्याचा नंबर! ३० चा पातळ, २४ चा जाड, हे त्याला माहीत असतं कारण ब्रँडवाले टॅगवर, पोस्टमध्ये तेच लिहून लिहून पोरांना शिकवतात. पुण्यात मला जीएसएम, म्हणजे कापडाचं वजन, विचारणारं गिऱ्हाईक अजून भेटायचंय.

बुटांचं म्हणशील तर कॉम्पास ही बांडुंगची जुनी कंपनी, कॅनव्हासचे साधे बूट, मध्ये लोक विसरले होते. मग डिझाइन सुधारलं, थोडे थोडे नग काढायला लागले, आणि २०१९ च्या आसपास नवीन जोड आला की रांगा आणि मग ऑनलाइन दुप्पट भावाने विक्री. व्हेन्टेला पण तिथलीच, ती जरा स्वस्तातली. यात देशाभिमान आहेच, नाही असं नाही, पण मुद्दाम कमी माल काढायची युक्ती पण आहे.

आणि एक गोष्ट रील्समध्ये दिसत नाही, जुन्या कपड्यांची. बांडुंगच्या गेदेबागे भागात चिमोल म्हणून मोठा बाजार आहे, जकार्ताला पासार सनेन. परदेशातनं जुन्या कपड्यांच्या गाठी येतात, पोरं त्यातनं जपानी जॅकेट वगैरे उपसून काढतात आणि मिरवतात. हा माल आयात करायला २०१५ पासून बंदी आहे, तरी येतो, २०२३ ला सरकारने गाठीच्या गाठी जाळल्या आणि त्याचे व्हिडिओ टाकले. छोटे लेबलवाले म्हणतात या गाठींनी आमचा धंदा मारला, पोरं म्हणतात आम्हाला परवडतं तेच आम्ही घालणार. दोन्हीकडची पोरं एकाच वयाची, बऱ्याचदा एकाच कॉलेजातली. आपल्या जुन्या बाजारात रविवारी चक्कर टाक, तिथे पण ही जॅकेटवाली पोरं दिसायला लागलीयत हल्ली.

जायचं कसं: जकार्ताच्या हालिम स्टेशनवरनं वूश पकड, बुलेट ट्रेन, २०२३ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. १४२ किलोमीटर, पाऊण तास. गावात जायचं असेल तर पादालारांगला उतर, तिथनं जोडगाडी मिळते, शेवटच्या स्टेशनवर उतरलास तर गाव लांब पडतं.

---

ढोल_ताशा_आणि_गामेलान

धागा_दोरा ताई मस्तच. माझं जरा वेगळं, मी योग्याकार्ताला होते, त्यांच्या सरकारची दार्मासिस्वा स्कॉलरशिप असते परदेशी मुलांना, त्यावर गामेलान, म्हणजे त्यांचा पारंपरिक घंटा-झांजांचा वाद्यमेळ, वाजवायला शिकायला गेले होते (आईला अजून वाटतं एमबीए करायला हवं होतं).

तिकडे फॅशनबिशन कमी, रात्री नुसतं बसणं जास्त. आंगक्रिंगान म्हणजे रस्त्याकडेची हातगाडी, वर ताडपत्री, पिवळा दिवा, केळीच्या पानात मूठभर भाताच्या पुड्या, काडीला लावलेलं काय काय, आणि चटई टाकून पोरं मध्यरात्रीपर्यंत बसलेली. तुगू स्टेशनजवळ कॉफीत धगधगता कोळसा टाकून देतात, चर्र आवाज होतो, पिऊन बघ. आणि अशा गाडीवर पण क्यूआर कोड चिकटवलेला, त्यांचं क्रिस म्हणून आहे २०१९ पासून, आपल्या यूपीआयसारखंच स्कॅन करायचं.

पण मला खरं सांगायचंय ते दिदी कंपोतबद्दल. हा माणूस जावानीजमध्ये प्रेमभंगाची गाणी गायचा, कितीतरी वर्षं गात होता, काका-मावशांच्या लग्नात वाजणारा गायक म्हणून ओळख. २०१९ ला कॉलेजची पोरं अचानक त्याच्या शोला तुडुंब गर्दी करायला लागली. स्वतःला ‘सोबात आंब्यार’ म्हणवून घ्यायची, म्हणजे मन पार चक्काचूर झालेल्यांची टोळी, पोरगे सॅडबॉइज आणि पोरी सॅडगर्ल्स. गॉडफादर ऑफ ब्रोकन हार्ट नाव दिलं त्यांनी त्याला. टॅटूवाली, मेटलचे टीशर्ट घातलेली पोरं बसस्टँडवर सोडून गेलेल्या प्रेयसीच्या गाण्यावर हात वर करून रडतायत आणि नाचतायत, एकाच वेळी. मे २०२० मध्ये तो गेला, ऐन लॉकडाऊनमध्ये, पण रस्ता मोकळा करून गेला, आज देनी चाकनानसारखे तरुण गायक जावानीजमध्येच गातात आणि देशभर वाजतात.

जकार्ताची पोरं बोलताना अर्धं इंग्लिश फेकतात आणि त्यावर सगळा देश त्यांची टिंगल करतो. पण गावाकडच्या भाषेत गाणं ऐकायची लाज मात्र त्या काळात गेली, माझ्या डोळ्यासमोर गेली. टीशर्टवर मराठी ओळी छापतोयस ना, आधी कुणाची तरी टोळी शोध जी त्या ओळी ओरडत असेल, मग टीशर्ट आपोआप खपेल. पथकं तर तुझ्याकडे आहेतच की.

बाटिक गुंडाळून हुडी घालणं पण खरं आहे, तो ग्रुपच असतो पोरापोरींचा, म्युझियमबाहेर, स्टेशनवर भेटतात. पण त्यांच्याकडे शुक्रवारी ऑफिसात बाटिक घालायची पद्धत आधीपासून आहे, २००९ ला युनेस्कोने यादीत घेतल्यापासून २ ऑक्टोबरला बाटिक दिवस असतो, म्हणजे कपाटात कापड पडूनच असतं, पोरांनी फक्त नेसायची पद्धत बदलली.

---

रात्रपाळी

सगळं गुलाबी गुलाबी चाललंय म्हणून जरा मिठाचा खडा टाकतो. माझ्या टीममध्ये जकार्ताची तीन पोरं आहेत, रोज कॉलवर असतात. त्यांच्या तोंडी गेल्या वर्षी एकच, २०२५ च्या फेब्रुवारीत तो हॅशटॅग चालला होता ना काबुर आजा दुलु, आधी इथनं पळ काढू मग बघू, जपानला जा, जर्मनीला जा. शिकलेल्या पोरांना नोकऱ्या नाहीत, मोबाइलवर झटपट कर्ज देणारी ॲप्स आणि ऑनलाइन जुगार यात कितीतरी जण अडकलेत. गुळाची कॉफी वगैरे ठीक आहे पण फ्लॅट घेणं जमणार नाही म्हणूनच कॉफीवर पैसे जातात, हे त्यातलाच एक जण मला म्हणाला.

ऑगस्टमध्ये तर स्वातंत्र्यदिनाच्या आधी पोरांनी घरांवर, ट्रकांवर जपानी कार्टूनमधल्या चाच्यांचा झेंडा लावला, वन पीसचा, गवती टोपीवाली कवटी. सरकार चिडलं. महिनाअखेरीला खासदारांच्या घरभत्त्यावरनं, महिन्याला ५ कोटी रुपिया, मोर्चे निघाले, त्यात २८ तारखेला पोलिसांच्या चिलखती गाडीखाली बाइकवरनं डिलिव्हरी करणारा एक तरुण गेला, आणि मग पोरांनी प्रोफाइल फोटो गुलाबी आणि हिरवे केले. हिरवा त्या बाइकवाल्यांच्या जॅकेटचा, गुलाबी मोर्चात पोलिसांसमोर उभ्या राहिलेल्या एका बाईच्या हिजाबचा. तो चाच्यांचा झेंडा पुढच्याच महिन्यात काठमांडूतल्या पोरांच्या मोर्चात दिसला. हे पण तरुणांचं कल्चरच आहे बरं का.

आता हलकं सांगतो. २०२४ ला तिकडे धावायचं एवढं वेड आलं की स्ट्राव्हावर, म्हणजे पळण्याची नोंद ठेवणाऱ्या ॲपवर, दाखवायला पैसे देऊन दुसऱ्याला पळायला लावायचे. तू झोपायचं, तो तुझ्या अकाउंटवर पळणार, किलोमीटरवर दर, वेगाने पळला तर जास्त. आमच्या टीममधल्या एकाने कॉलेजच्या भावाला हे काम मिळवून दिलं होतं आणि त्याला त्याचा फार अभिमान आहे.

---

पर्वती_पायथा

हे पैसे देऊन पळायला लावायचं आवडलं. आमच्या सोसायटीत तळजाईला न जाता गेल्याचे फोटो टाकणारे आहेत, त्यांना कळवतो.

---

टीशर्टवाला_डेक्कन

खूपच माहिती मिळाली राव, सगळ्यांचे आभार. सुची रोडचं तर मला आत्ताच तिकीट काढावंसं वाटतंय. धागा_दोरा ताई, तिथले छापणारे इंग्लिश बोलतात का, आणि कमीत कमी किती नग घेतात साधारण? आणि बायको सोबत येतीये, ती शुद्ध शाकाहारी, लसूण-कांदा चालतो पण मासे-अंडी नाही. जगेल ना?

---

धागा_दोरा

इंग्लिश जेमतेम, फोनवरचं भाषांतर उघडून ठेवायचं, डिझाइन आणि आकडे दाखवले की काम होतं. डझनापासून घेणारे बघितलेत मी, अगदी एकच नग हवा असेल तर डीटीएफवाले, म्हणजे फिल्मवर छापून कापडावर चिकटवणारे, वेगळे. घासाघीस कर पण हसून, आवाज चढवलास की ते हसतच राहतात आणि काम होत नाही.

व्हिसा विमानतळावर उतरल्यावर मिळतो, ५ लाख रुपिया, ३० दिवस, आधी ऑनलाइन काढलास तर रांग वाचते.

वहिनींचं: तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि तोफू जागोजागी मिळतं, तळलेलं तेंपे तर शेंगदाण्याच्या चटणीशी फर्स्टक्लास. गादो-गादो घ्या, उकडलेल्या भाज्या आणि दाण्याचा घट्ट रस्सा, पण अंडं काढायला सांगायचं आणि त्या रश्श्यात पण तरासी घालतात कधी कधी, सुकवलेल्या कोळंबीची पेस्ट असते ती, सांबालमध्ये, म्हणजे त्यांच्या मिरचीच्या ठेच्यात, तर जवळपास असतेच. म्हणून दोन शब्द पाठ करून घ्या, तान्पा तरासी, तरासी नको. वरती ठेवतात तो कुरकुरीत पापड पण बहुतेक कोळंबीचाच, तो बाजूला. बांडुंगला सेब्लाक म्हणून झणझणीत प्रकार आहे, पोरी जीव टाकतात त्याच्यावर, पण त्यात भिजवलेला पापड, अंडं, कोंबडीचे पाय काय वाट्टेल ते असतं, तो तुम्ही खा आणि वहिनींना लांब बसवा. थेपले न्या थोडे तरी.

---

ढोल_ताशा_आणि_गामेलान

आणि मेथांबा. मी नेला होता, हॉस्टेलवरच्या मुलींनी भाताबरोबर दोन दिवसांत संपवला, मला चाटायला बरणी उरली.